हिरव्या

फोन आला तेव्हा जमनाच्या हातातली परीक्षानळी नुकतीच विटकरी झाली होती. निळं द्रावण, त्यात लघवीचे थोडे थेंब, दिव्यावर उकळी; मग आधी हिरवट, मग पिवळं, मग नारिंगी, आणि साखर फारच असली तर भाजून निघालेल्या विटेसारखा रंग. दिवसभर ती हे बघायची आणि बघूनही बघायची नाही. पुसदच्या त्या लॅबमध्ये नोकरी लागल्यापासून रंग तिच्यासाठी रंग उरलेच नव्हते. एक अधिक, दोन अधिक, चार अधिक एवढंच. काउंटरवरून फिजानं हाक मारली, "जमना, तुझ्या भावाचा फोन," आणि तिनं नळी स्टँडात अडकवून हात पुसत रिसीव्हर घेतला. धनसिंग ओरडतच होता. "बाई, निघालं! ग्राउंड निघालं मायं! पळण्यात पहिल्या घोळक्यात आलो. उंची, छाती, सप्पा निघालं. आता मेडिकल तेवढं राह्यलं, सोमवारी." त्याच्या मागे यवतमाळच्या स्टँडवरचा गोंगाट होता. मग एकाएकी त्याचा आवाज खाली आला. "मी दुपारच्या गाडीनं येऊन राह्यलो. थे पुस्तक आणून ठेव." ती हो म्हणाली. परत येऊन बघितलं तर नळी थंड झाली होती आणि साका तळाशी बसला होता. आपल्याला आनंद व्हायला हवा, हे तिला कळत होतं. पण आपणच पळून आल्यासारख्या तिच्या पोटऱ्या दुखत होत्या.

फिजानं सगळं ऐकलं होतंच. "निघालं ना? मग पेढे पाहिजेत. आमच्या जीशानचं त अर्ध्या इंचानं राह्यलं. जेवून नाही राह्यला बेटा. अब्बा म्हणते, कायले रडतं बे, गाडीखाली घुसाले बुटकाच बरा." ती स्वतःच्याच बोलण्यावर हसली आणि हसताहसता एका बाईची पावती फाडली. तिचे अब्बा, जफरभाई, स्टँडामागे ट्रॅक्टर दुरुस्त करायचे, आणि गेली काही वर्षं त्यांच्याकडे ट्रॅक्टर येणंच कमी झालं होतं. कापूस गेला की आधी दुरुस्ती थांबते, मग ट्रॅक्टर. डॉक्टर आतून रिपोर्टवर सही करायला आले तेव्हा फिजानं त्यांनाही बातमी दिली. "मिलिटरी? अरे वा!" डॉक्टर मनापासून म्हणाले. "अशा पोरांमुळंच आपण निवांत झोपतो, जमना." त्यांचा मुलगा नागपूरला इंजिनिअरिंग करत होता. माणूस वाईट नव्हता. फक्त 'अशा' हा शब्द जमनाच्या कानात अडकून बसला. अशा म्हणजे कशा? पहाटेच्या गाडीनं तांड्यावरून परतताना रस्त्याच्या कडेनं पळणारी पोरं तिला दिसायची. कोणाच्या पायात कॅनव्हासचे बूट, कोणाच्या पायात काहीच नाही. त्यातली बरीच ती ओळखायची. पहिल्यांदा गंमत म्हणून आणि मग सवयीनं, नमुना तपासावा तशी ती त्यांना तपासायची. कोरडवाहू कपाशीवाल्यांची पोरं, तांड्यावरची, कोलाम आदिवासींची दोन, गॅरेजवाल्याचा जीशान, न्हाव्याचा एक. जिनिंगवाल्याचा कोणी नाही. मास्तरांचा नाही, वकिलाचा नाही, डॉक्टरचा नाही. एवढ्या नमुन्यात एकदाही अपवाद सापडू नये, याचं तिच्यातल्या विद्यार्थिनीला नवल वाटायचं आणि धनसिंगच्या बहिणीला काहीच वाटायचं नाही. कोणी विचारलं की पोरं 'देशसेवा' म्हणायची, कारण विचारणाराही ते ऐकायलाच उभा असायचा. धनसिंगला तिनं एकदा खरंच विचारलं होतं, काहून जातं रे? तो बूट काढून तळपायाचे फोड बघत होता. मान वर न करता म्हणाला, "तिथं वावर नसते ना, बाई."

त्याच्या वावराचं सगळ्यांना माहीत होतं. जमना कॉलेजच्या पहिल्या वर्षाला, पुसदच्या होस्टेलवर होती, त्या वर्षीची गोष्ट. बापू आणि याडी, म्हणजे वडील फुलसिंग आणि आई बसंतीबाई, दिवाळी करून ऊसतोडीला घाटाकडे गेले होते, आणि कपाशीवर लक्ष ठेवायला धनसिंग तांड्यावर मागे राहिला होता. शेजारच्या मानीकाकीकडे जेवायचा, दिवसभर वावरात असायचा. बापू आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी दुकानातल्या फोनवर फोन करायचा आणि एकच गोष्ट विचारायचा, लाल्या आला का? लाल्या म्हणजे पराटीची, कपाशीच्या झाडाची, पानं कडेकडेनं लाल पडत जातात, मग सबंध पान लाल होतं, मग गळतं, आणि बोंडं सुपारीएवढीच राहतात. सुरुवातीला कळलं तर फवारा मारून बरंचसं वाचतं. धनसिंग दर वेळी सांगायचा, "नाही बापू. हिरवं हाय." शेवटी मानीकाकीनंच एकदा त्याच्या हातातून फोन हिसकावून घेतला आणि म्हणाली, भाऊ, तुमचं वावर तर रगत सांडल्यासारखं झालं, हे पोट्टं काय सांगून राह्यलं तुमाले? बापू ऊस तसाच टाकून याडीला घेऊन परत आला. तांड्यातली माणसं मागे होतीच. धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, उभं राहून बापूनं विचारलं, "हे काय हाय?" धनसिंग म्हणाला, "पराटी." "रंग कोणता हाय?" पोरानं वावराकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं, पुन्हा वावराकडे पाहिलं आणि म्हणाला, "हिरवा." बापूनं काठी मोडेपर्यंत मारलं. पीक गेलं याचं काही नाही, तो ओरडत होता, पीक दर वर्षी जाते. माया डोळ्यासमोर, माया वावरात उभं राहून खोटं बोलतं? याडी मध्ये पडली. "मायं लेकरू खोटं नाही बोलत," ती म्हणाली. "त्याले तसंच दिसलं असन." यावर लोक हसले. त्या दिवसापासून तांड्यात त्याचं नाव हिरव्या पडलं. ए हिरव्या, आभाळ कोणत्या रंगाचं रे? ए हिरव्या, नवरी कोणत्या लुगड्यातली पाह्यजेन? जमना तिथं नव्हती. पण ही हकिकत तिनं इतक्यांच्या तोंडून ऐकली होती, की धुऱ्यावर आपणही उभ्या होतो असं तिला वाटायचं, आणि आठवणीतलं ते वावर तिला नेहमी लालच दिसायचं.

पुढल्या वर्षी प्रॅक्टिकलला सरांनी ते पुस्तक काढलं. पानापानावर रंगीत ठिपक्यांची वर्तुळं, ठिपक्यांत लपलेले आकडे. लाल-हिरवा फरक ज्याला दिसत नाही त्याला आकडा दिसत नाही, किंवा दुसराच दिसतो. दोष आईकडून येतो, दिसतो मात्र मुलात. वहीत चौकोन आणि गोल काढून जमना घराण्याचा आलेख काढत होती. चौकोन म्हणजे पुरुष, गोल म्हणजे बाई. उदाहरण म्हणून घर स्वतःचंच घेतलं होतं, नावं तेवढी टाकली नव्हती. आणि तिला एकाएकी हरिसिंगमामा आठवला, आयुष्यभर आंबा हातात घेऊन दाबून बघणारा, बायकोला विचारल्याशिवाय एकही न खाणारा मामा. तिनं मामाचा चौकोन काळा केला. मग याडीचा गोल अर्धा, स्वतःत न दिसणारा दोष पुढं देणारीचा. मग पेन्सिल थांबली. तिनं सरांकडून पुस्तक मागून घेतलं, आणि सुटीत गावी गेल्यावर नाल्याकाठी धनसिंगला घेऊन बसली. पान उघडलं. तिला चौऱ्याहत्तर दिसत होतं, ठळक, न चुकता. "एकवीस," धनसिंग म्हणाला. तिनं पुन्हा विचारलं. "एकवीसच हाय, बाई. कायले फसवून राह्यली?" त्याला काही दिसत नव्हतं असं नव्हतं, दुसरंच दिसत होतं, आणि जे दिसत होतं ते तो सांगत होता. तिनं त्याला समजावून सांगितलं. त्यानं पाण्यात एक दगड टाकला आणि विचारलं, "म्हणजे मी खोटं नव्हतो बोललो?" नाही, ती म्हणाली. "नक्की?" नक्की. तेव्हा तो हसला. मार खाल्ल्यापासून तो असा हसलेला तिनं पाहिला नव्हता. चल, आत्ताच बापूला सांगू, म्हणून ती उठलीसुद्धा. त्यानं तिचा हात धरून खाली बसवलं. भरतीत रंग तपासतात, हे त्याला कोणीतरी सांगितलं होतं. "बापूले सांगतलं की तांड्याले कळन, अन् तांड्याले कळलं की साऱ्या दुनियेले. थांब ना बाई. आधी लागू दे. लागल्यावर सांगू."

लागल्यावर सांगू. त्या शब्दाचं जमनाला पुढं नवल वाटत राहिलं. भूक लागते, आग लागते, वीज लागते, गोळी लागते, आणि पोरगाही लागतो. अमक्याचा मास्तर लागला, तमक्याचा एसटीत लागला. तांड्यात कोणी नोकरी करत नसे, माणूस नोकरीला लागत असे, लांबून कुठून तरी येऊन बसावी तशी ती त्याच्यावर येऊन बसत असे. धनसिंग दोनदा पळायला गेला आणि दोन्ही वेळा ग्राउंडमध्येच राहिला, त्यामुळं पुस्तकाची गरज पडली नाही. आता पडली होती.

तो आला तेव्हा ऊन उतरलं होतं. येताना त्यानं पावशेर जिलबी आणली होती, आणि तिनं सरांकडून पुस्तक पुन्हा मागून आणलं होतं. शहरात दोघं मराठीतच बोलत, तांड्याची बोली उंबऱ्याबाहेर काढून ठेवावी तशी. तिच्या खोलीत खिडकीशी चटई टाकून, बाहेरचा उजेड पानावर पडेल असं ती बसली. आकडे घोकून उपयोग नव्हता. तपासणारा पान कोणतंही उघडणार. म्हणून तिनं खुणा शोधल्या होत्या. या पानावर डाव्या कडेला तीन मोठे ठिपके एकमेकांना चिकटलेले आहेत, हे चौऱ्याहत्तर. या पानावर वरच्या बाजूला दोन ठिपक्यांत जरा फट आहे, हे सहा. धनसिंगचं डोकं चांगलं होतं. बघता बघता तो धडाधड सांगायला लागला. "आता काय दिसतं तुले, खरं सांग?" तिनं मध्येच विचारलं. "एकवीस." "अन् म्हणाचं काय?" "चौऱ्याहत्तर." असं पानामागून पान. जिलबीचा पाक तिच्या बोटांना चिकटला होता, तो पानाला लागू नये म्हणून ती अंगठ्याच्या कडेनं पान उलटत होती. तिला वाटलं, याला खोटं बोलायला आपण शिकवतो आहोत. ज्याला खोटारडा म्हणून मारलं, त्याच्या आयुष्यातलं हे पहिलं खोटं, आणि शिकवणारे आपण. तिथं लाल झेंडी दाखवून गोळीबार थांबवत असतील. लाल पाटी लावून पुढं सुरुंग आहे म्हणत असतील. तिनं तेही बोलून दाखवलं. धनसिंगनं बोटं चाटली. "पाटीवर लिहेल राहीन ना काही? वाचता येते मले." मग तिचा चेहरा बघून म्हणाला, "बाई, मी तिथं मरण असं तुले वाटते. इथं काय करून राह्यलो मी? वावरात गेलो की बापू मायामागं येते, मी पाह्यलेलं पुन्हा पाह्यते. पाणी देल्लं म्हटलं तरी माती उकरून पाह्यते. चार वर्सं झाले." त्यानं पुस्तक स्वतःकडे ओढून पान उघडलं आणि विचारलं, "मंग लागल्यावर सांगशीन ना बापूले? तूच सांग. तू शिकलेली हायस, तुयं ऐकन थो." हो, ती म्हणाली.

सोमवारी दुपारी लॅबमध्ये पुन्हा फोन वाजला. "बाई, फिट," एवढंच तो म्हणाला. पुढं लेखी झाली, त्यातही तो निघाला. उन्हाळा लागता लागता एक दिवस मानीकाकीच्या जावयानं लॅबवर निरोप आणला, धनसिंग लागला, रविवारी तांड्यावर जेवण आहे. फिजानं जमनाला मिठी मारली. डॉक्टरांनी सुटी दिली.

रविवारच्या गाडीत जमनाला खिडकी मिळाली. दोन्हीकडं पऱ्हाट्या उपटून टाकलेली वावरं होती, सगळी मातीच्या रंगाची, त्यात कोणालाच काही ओळखायचं नव्हतं. बापूला कसं सांगायचं, याची ती मनात जुळणी करत होती. डोळ्याच्या पडद्यापासून सुरू करावं की हरिसिंगमामाच्या आंब्यापासून? आंब्यापासून बरं. बापू हसेल, मग गप्प होईल, मग त्याला कळेल. आणि मग? इथं ती अडखळली. मग बापू चारजणांना सांगेल. सांगणारच, पोराला उगाच मारलं हे चारजणांसमोर मारलेल्या बापाला चारजणांसमोरच सांगावं लागेल. मग ते तांड्याच्या बाहेर जाईल. ज्याचा पोरगा दोनदा पळूनही भरतीत राहून गेला असा एखादा बाप चौकशीला आलेल्या पोलिसाला सहज बोलता बोलता सांगेल, आणि लागलेली नोकरी जाईल. लागायच्या आधी सांगता येत नव्हतं, ते लागल्यावर तर मुळीच सांगता येणार नव्हतं. इतकं साधं होतं हे. नाल्याकाठी बसल्या बसल्या कळायला हवं होतं, तिला कळलं नव्हतं. धनसिंगला तेव्हाच कळलं होतं का? पेन्शन होईपर्यंत थांबायचं, तिच्या मनात आलं. तोवर बापू असेल का? गाडी हिसका देऊन थांबली, कंडक्टर तांडा, तांडा म्हणून ओरडला, आणि उतरायला उठायचं तिच्या जिवावर आलं.

लिंबाखाली मांडव होता. बोकड कापला होता, तांड्याचे प्रमुख, नायक, आले होते, खालच्या गावातून सरपंच किसनराव आणि आणखी दोघे-तिघे आले होते, त्यामुळं बापू मराठीत बोलायला उभा राहिला. धनसिंगच्या डोक्याला फेटा होता. बापूनं आधी सगळ्यांना रामराम केला. "ह्या पोरानं मले एकदा धोका देल्ला," तो म्हणाला. "तुमाले साऱ्याइले मालूम हाय. वावर लाल झालतं अन् हा हिरवं हिरवं म्हणे. म्या लय मारलं त्याले. चार वर्सं त्याच्या शब्दावर म्या पाणीबी नाही पेलो. पण आता सरकारनं भरवसा ठेवला त्याच्यावर, मंग बापानं काहून ठेवू नाही? आज साऱ्याइसमोर म्या त्याले माफ केलं." टाळ्या झाल्या. मागून कोणीतरी ओरडलं, "हिरव्याले वर्दीबी हिरवीच भेटन!" आणि सगळे हसले, धनसिंगही हसला. जमना रश्श्याची बादली घेऊन पंगतीच्या टोकाला उभी होती. माफ हा शब्द तिला ऐकवला नाही. गाडीत केलेला सगळा हिशेब तिच्या डोक्यातून निघून गेला. "बापू," ती म्हणाली. आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. माना वळल्या. "बापू, थ्या वर्षी त्यानं..."

"बाई, थांब." धनसिंग पानावरून उठला होता. तो तिच्याकडे बघत नव्हता, बापाकडे बघत होता. "मलेच सांगू दे. बापू, लाल दिसलं होतं मले. पहिल्याच हप्त्यात दिसलं होतं. फवारा माराचा कंटाळा केला. मंग तुमचं भेव वाटलं, म्हणून हिरवं म्हटलं. धुऱ्यावरबी खोटंच बोललो. चुकलं मायं." तो कुठं अडखळला नाही. इतकं सरळ, इतकं बारकाव्यानं सांगत होता, की क्षणभर जमनालाही तसंच घडलं असावं असं वाटलं. बापू पुढं आला. "मले मालूम होतं," तो म्हणाला, "फक्त तुया तोंडातून पाह्यजे होतं," आणि त्यानं पोराला सगळ्यांदेखत छातीशी धरलं. किसनरावांनी डोळे पुसले. अशी पोरं पाहिजेत, ते शेजारच्याला म्हणाले, चूक कबूल कराले छाती लागते.

याडी चुलीपाशी, मोठ्या भगोण्याजवळ उभी होती. गेली चार वर्षं घरात भांडण कशावरूनही सुरू झालं तरी शेवटी याच्यावरच यायचं, आणि दर वेळी ती एकटी म्हणायची, माझं लेकरू खोटं बोललं नाही. तिच्याकडे पुरावा नव्हता, कारण नव्हतं, शिक्षण नव्हतं. ती नुसतीच म्हणायची, आणि पुरुष हसायचे, आणि तरी ती म्हणायची. आता ती पंगतीच्या मधून चालत आली. बायका तिथून जात नसत, पण कोणी तिला अडवलं नाही. धनसिंगपुढं उभी राहून तिनं आपल्या बोलीत, हळू आवाजात विचारलं, खरंच दिसलं होतं का रे तुला?

धनसिंगनं एकदाच जमनाकडे पाहिलं. "हो, याडी," तो म्हणाला.

याडी त्याच्याकडे बघत राहिली. मग तिनं मान हलवली, बरं म्हणाली, आणि वळून जमनाच्या हातातली बादली घेतली. जमनानं बादली सोडून दिली. पहिल्या पानापासून याडी वाढत गेली, वाकून, प्रत्येकाला एकेक पळी, सरपंचाला, नायकाला, मानीकाकीच्या जावयाला. धनसिंगच्या पानावरही तिनं तेवढीच एक पळी वाढली, आणि आणखी हवं का, हे न विचारता पुढच्या पानाकडे गेली.